दातवाला पेंग्विन? अगदी तसं नाही
हेस्परॉर्निस म्हणजे डायनासोरांच्या काळातला, उडता न येणारा समुद्री पक्षी. त्याला कोणी कोणी 'दातवाला पेंग्विन' म्हणतं. उपमा झकास, पण फसवी. पेंग्विन पंखांनी पोहतो; याच्या पंखात उरलं होतं ते फक्त दंडाचं बारीकसं हाड. सगळी मदार पायांवर, आपल्या तळ्यातल्या टिबुकलीसारखी. फक्त ही टिबुकली पावणेदोन मीटर लांब! दातांचीही गंमतच: खालच्या जबड्यात लांबलचक रांग, वरच्यात मात्र फक्त मागच्या बाजूला, पुढे नुसती चोच. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या खडूच्या खडकांत (तिथे तेव्हा समुद्र होता) जीवाश्मतज्ज्ञ मार्शला याचे सांगाडे सापडले. त्याचा १८८० चा ग्रंथ पाहून डार्विनने त्याला लिहिलं, की उत्क्रांतिवादाला गेल्या वीस वर्षांत मिळालेला हा सर्वांत भक्कम आधार. जमिनीवर मात्र हेस्परॉर्निसची स्वारी बहुधा पोटावरच सरकत असावी.