साताऱ्याच्या डोंगरात वीस जणांचे लग्न करायचे आहे: जागा, कागदपत्रे आणि भावकी

प्रश्न – अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची

नमस्कार. मी साताऱ्याची आहे आणि ज्यांच्याशी माझे लग्न ठरले आहे ते तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदार कुटुंबातील आहेत. दोन्ही घरांची संमती आहे आणि सुपारीही फुटली आहे. आम्हा दोघांची इच्छा अशी की लग्न मंगल कार्यालयात न होता डोंगरावर, उघड्या आभाळाखाली आणि दोन्हीकडच्या मिळून वीस-बावीस माणसांत व्हावे. हल्ली अशा लग्नाला 'इलोपमेंट' म्हणतात. पण मी तो शब्द घरी उच्चारला तेव्हा वडिलांनी त्याचा अर्थ 'पळून जाऊन लग्न' असा घेतला आणि दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आता त्यांचा गैरसमज दूर झाला आहे, परंतु काळजी गेलेली नाही.

ही इच्छा हौसेपोटी आलेली नाही. मागच्या वर्षी माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाला दीड हजार माणसे जेवली. नवरा-नवरी तीन तास व्यासपीठावर उभी राहून आहेर घेत होती आणि माझी काकू पंगतीची व्यवस्था पाहण्यात इतकी गुंतली होती की स्वतःच्या मुलीवर अक्षता टाकायलाही तिला पोहोचता आले नाही. ती हे सांगताना आजही रडते. माझ्या आईच्या वाट्याला तसे येऊ नये, एवढेच मला हवे आहे.

माझे प्रश्न असे आहेत. कास पठारावर सप्टेंबरमध्ये, फुलांच्या दिवसांत, असे लग्न करता येईल का? नसल्यास दुसरी कोणती जागा सुचवाल? माझी आजी ८२ वर्षांची आहे आणि गुडघ्यांमुळे तिला फार चालता येत नाही. कार्यालय आणि छापील पत्रिका नसताना विवाह नोंदणीला अडचण येते का? आणि शेवटचा, खरे तर सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे ज्यांना बोलवायचे नाही त्या भावकीला आणि पाव्हण्यांना हे कसे सांगावे?

उत्तर – घाटवाटा

ताई, कासचा विचार कृपया सोडून द्यावा, आणि हे मी साताऱ्यात वाढलेला माणूस म्हणून आपुलकीने सांगत आहे. कास हे राखीव वन आहे आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले त्यांत त्याचा समावेश आहे. तिथे जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर असतो आणि त्या थरात ही इवलीशी रोपे तग धरून राहतात. वीस माणसे एका जागी तासभर उभी राहिली तरी पायाखाली जे चिरडले जाते ते त्या वर्षी पुन्हा उगवत नाही. हंगामात प्रवेशसंख्येवर मर्यादा असते ती याच कारणाने. शेजारचा कास तलाव तर सातारकरांच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, त्यामुळे त्याच्या काठी पंगत बसवणेही योग्य नव्हे.

शिवाय फुलांचे दिवस चातुर्मासात येतात आणि पितृपक्षही त्याच सुमारास असतो. घरातली वडीलधारी माणसे त्या काळात मुहूर्त मान्य करतील असे वाटत नाही. तुळशीच्या लग्नानंतरचा मार्गशीर्ष हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. हवा कोरडी असते, आभाळ स्वच्छ असते आणि गवत पिवळे पडले असले तरी दऱ्याखोऱ्यांत हिरवाई टिकून असते. पुढे पौषात बहुतेक घरी लग्न करत नाहीत, म्हणून दिवस मोजकेच मिळतील. वर पक्षाच्या बागेची ऑक्टोबर छाटणी कधी झाली आहे ते मात्र आधी विचारून घ्यावे, कारण बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस किंवा दाट धुके आले तर फवारणी सोडून त्या घरातील कोणालाही निघता येणार नाही.

जागेसाठी खासगी मालकीची जमीन शोधावी. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर पठाराच्या कडेने शेते आहेत, निवासाची सोय असलेली काही घरे आहेत आणि गाडी अंगणापर्यंत जाते. त्यामुळे आजींना चालावे लागणार नाही आणि गरज पडल्यास शहरातील रुग्णालयही जवळ राहील. बामणोलीला कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा काठ अतिशय देखणा आहे, पण अंतर बरेच आहे, फोन लागेलच असे नाही आणि भोवताली अभयारण्याची हद्द आहे. वाईजवळ धोम धरणाच्या परिसरातही डोंगर आणि पाणी एकत्र मिळते. तासगावकरांना पहाटे निघून अडीच-तीन तासांचा प्रवास करायचा आहे, हे जागा ठरवताना विसरू नये.

गडावर लग्न करण्याचा मोह होईल, तोही टाळावा. गडाविषयी आपल्याकडे लोकांच्या भावना किती तीव्र आहेत हे २०१९ मध्ये किल्ले भाड्याने देण्याची चर्चा उठली तेव्हा सर्वांनी पाहिले आहे.

उत्तर – रानवाटेचा सोबती

वरील मताशी मी सहमत आहे. त्यात एका गोष्टीची भर घालतो, कारण तिचा विचार सहसा कोणी करत नाही. कड्याच्या तोंडाशी विधी ठेवू नका. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळाची पोळी असतात आणि धूर किंवा उग्र अत्तराचा वास गेला की माश्या उठतात. काही वर्षांपूर्वी एका कड्यावर पूजेचा धूर खालच्या कपारीत गेल्याने उठलेल्या माश्यांनी आमच्या गटातील चौघांना डसले होते. त्यातील एका काकांना उचलून खाली आणावे लागले. जागा पाहायला जाल तेव्हा स्थानिक गुराख्याला सोबत घेऊन मोहोळ कुठे आहे ते विचारा. त्याच्याइतके ते कोणालाच माहीत नसते.

होमासाठी लोखंडी कुंड विटांवर ठेवावे, भोवतीचे वाळलेले गवत आदल्या दिवशी काढून घ्यावे आणि दोन बादल्या पाणी व थोडी वाळू हाताशी ठेवावी. डिसेंबरातील गवत एका ठिणगीने पेटते आणि वणवा शेजारच्या शेतात गेला तर त्याची भरपाई कशानेही होत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत त्या तिथल्या वाऱ्यामुळेच, म्हणून अंतरपाट धरणारे दोघे उंच आणि भक्कम हातांचे असावेत, आणि झाडांचा किंवा घराचा आडोसा असलेली बाजू निवडावी. गोरज मुहूर्त डोंगरावर सुंदर दिसतो खरा, पण त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मग वृद्धांना घेऊन अंधारात घाट उतरावा लागतो. सकाळी दहा-अकराचा मुहूर्त काढून घ्यावा.

उत्तर – नोंदणीविषयी

कागदपत्रांची बाजू आपल्याला वाटते तितकी अवघड नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील कलम ७ प्रमाणे विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनुसार व्हावा लागतो, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. कार्यालय, मंडप किंवा पाहुण्यांची संख्या यांचा कायद्याशी काही संबंध नाही. मात्र विधी न करता केवळ नोंदणी करून हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, म्हणून छायाचित्रांच्या गडबडीत सप्तपदी आटोपती घेऊ नका.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते आणि त्यासाठी तीन साक्षीदार लागतात. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपालिकेत. छापील पत्रिका मागितली जाते असा अनुभव अनेकांना येतो, म्हणून मोजक्याच पण पत्रिका छापून घ्याव्यात. देवापुढे ठेवायलाही एक लागतेच. गुरुजींची सही त्याच दिवशी घ्यावी. डोंगरावरून उतरल्यावर त्यांना पुन्हा गाठणे कठीण जाते.

धार्मिक विधी नको असतील तर विशेष विवाह कायदा, १९५४ हा मार्ग आहे. त्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत विवाह करावा लागतो. कलम १२ प्रमाणे विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयापासून वाजवी अंतरावरील ठिकाणी, जादा शुल्क भरून, त्यांच्यासमोर विवाह लावण्याची तरतूदही आहे.

उत्तर – कृष्णाकाठची मावशी

बाळ, तुझा शेवटचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवले नाही. लहान लग्न ही आपल्या जिल्ह्यांना नवी गोष्ट नाही. ज्योतिरावांच्या पूर्वजांचे गाव खटाव तालुक्यातील कटगुण, आणि त्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच साधेपणाने, अवास्तव खर्चाशिवाय लग्ने लावायला सुरुवात केली. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात, म्हणजे १९४३ ते १९४६ या वर्षांत, आपल्याकडे गावोगाव 'गांधी लग्ने' लागली. माझ्या वडिलांचे लग्न तसेच झाले होते. हार, अक्षता आणि गुळाचा खडा, एवढ्यावर. तुझ्या वडिलांना ही आठवण करून दे. नव्या शब्दापेक्षा ती त्यांना लवकर पटेल, कारण त्यांच्याही घरात असे एखादे लग्न झालेले असण्याची शक्यता आहे.

आता भावकीविषयी. माणसे जेवण हुकले म्हणून रागवत नाहीत, तर आपल्याला मोजले नाही म्हणून रागवतात. त्यामुळे बातमी त्यांना दुसऱ्याकडून किंवा मोबाइलवरील छायाचित्रांतून कळता कामा नये. लग्नाच्या महिनाभर आधी तुझ्या आई-वडिलांनी थोरल्या चुलत्यांच्या घरी स्वतः जावे, ओटीचे सामान आणि कंदी पेढे घेऊन जावे आणि शांतपणे सांगावे की विधी वीस जणांत होणार आहे, पण आशीर्वाद तुमचा आधी हवा. फोनवर हे सांगू नये. केळवणे मात्र सगळ्यांकडची घ्यावीत, एकाही घराला नाही म्हणू नये. जे लग्नाला नसतील त्यांना आपल्या ताटात तुला जेवू घालता आले, तर त्यांचा निम्मा सल निघून जातो. हळद आणि देवक घरीच करावे आणि त्या दिवशी गल्लीतल्या बायकांना बोलवावे. लग्नानंतर आठवडाभरात गावच्या देवळात दर्शन घेऊन साधे गावजेवण द्यावे, आणि त्यात आहेर घेणार नाही असे आधीच कळवावे.

वीस जणांची यादी करताना एक नियम पाळ. दोन्ही घरांत नाती समान ठेवावीत. एका बाजूचे मामा आले आणि दुसऱ्या बाजूचे राहिले, तर पुढची वीस वर्षे तेच ऐकावे लागते. मामा तर हवेतच, कारण मुलीच्या पाठीशी उभे राहायला दुसरे कोणी चालत नाही.

पुन्हा – अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मावशींचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की त्यांच्या आत्याचे लग्नही गांधी पद्धतीनेच झाले होते आणि ही गोष्ट घरात गेली कित्येक वर्षे कोणी काढली नव्हती. आज सकाळी ते स्वतःच थोरल्या काकांकडे जाऊन आले. कासचा विचार आम्ही सोडला आहे. सासूबाईंनी सांगितले की या वर्षी त्यांची छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आहे, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यापर्यंत मणी धरलेले असतील आणि एक दिवस बाग गड्यावर सोपवून सगळ्यांना येता येईल. यवतेश्वरच्या वरच्या बाजूला ओळखीच्यांचे शेत आहे. तिथे आंब्याची दोन जुनी झाडे आहेत आणि त्यांच्या सावलीतून समोर अजिंक्यतारा दिसतो. रविवारी आजीला घेऊन जागा पाहायला जाणार आहोत. मोहोळाची चौकशीही तेव्हाच करू.

उत्तर – रानवाटेचा सोबती

रविवारी जाल तेव्हा सकाळी दहा-अकरा वाजताच जा, म्हणजे त्या वेळी सावली कुठे पडते आणि वारा कोणत्या बाजूने येतो हे कळेल. आजींची नेहमीची खुर्ची बरोबर न्या आणि त्यांना अर्धा तास तिथे बसवून पाहा. डिसेंबरात ऊन आणखी दक्षिणेकडून, तिरपे येईल, एवढे लक्षात ठेवून मगच बोहल्याची जागा नक्की करा.