मदत हवी आहे: किनाऱ्यावरच्या गावातले पथदिवे लांबून बघायचे-चालवायचेत, खाऱ्या वाऱ्यात आणि रेंज नसताना काय टिकेल?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव आहे आमचं, नाव देत नाही कारण कोटेशनं अजून मागवायची आहेत. सात वाड्या, दीडशेच्या आसपास दिवे, सगळे एलईडी. पण चालूबंद करायची पद्धत जुनीच, डीपीजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ) एकेक पेटी, त्यात कुठे टायमर कुठे नुसता स्विच, आणि पंचायतीचा शिपाई रोज संध्याकाळी बाईकवरून सगळीकडे फिरतो. एक पेटी वर कातळावर, एक खाली बंदरावर, मधल्या दोन पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) कडेला. भर पावसात निसरडी पाखाडी उतरायची आणि ओल्या पेटीत हात घालायचा, हे मला सगळ्यात आधी बंद करायचंय. वीजबिल वाचलं तर चांगलंच, पण त्या माणसाचा जीव आधी.

ग्रामसभेत विषय मंजूर झालाय, वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून पैसे ठेवलेत. मी सदस्य आहे, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

आता खरी अडचण. काही वर्षांपूर्वी एका योजनेतून बंदर आणि बाजारपेठ अशा दोन ठिकाणी सीसीएमएस पेट्या, म्हणजे दिवे लांबून चालूबंद करणाऱ्या आणि त्यांची नोंद दाखवणाऱ्या पेट्या, बसल्या होत्या. कंपनीचं नाव घेत नाही. सुरुवातीला मस्त चाललं, अॅपवर व्होल्टेज, करंट, युनिट सगळं दिसायचं, दिवे इथून चालू तिथून बंद. मग सिमचा रिचार्ज कोणी करायचा यावर घोळ झाला, नंतर मोडेम टूजीचा आणि बंदरावर टूजीची रेंज येते-जाते, आणि शेवटी त्यांचा सर्व्हरच बंद पडला. वेळापत्रक सगळं सर्व्हरवरून यायचं त्यामुळे पेटीला स्वतःला काही कळेना, आतलं घड्याळ भरकटलं, भर दुपारी जेटीवर दिवे आणि रात्री काळोख. वायरमनने कंटाळून कॉन्टॅक्टर (हुकमावर चालूबंद होणारा मोठा स्विच) बायपास केला. पासवर्ड कोणाकडे नाही, मीटर कोणत्या भाषेत बोलतो त्याचा कागद नाही, त्यामुळे दुसऱ्या कोणाचा कंट्रोलरही त्यात बसेना. हे परत व्हायला नको म्हणून इथे विचारतोय.

दुसरं म्हणजे आमच्या गावाला "संध्याकाळी चालू सकाळी बंद" एवढं एकच वेळापत्रक पुरत नाही. सूर्यच बघा ना, आमच्याकडे जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरअखेर सहालाच, साधा टायमर म्हणजे वर्षभर कोणीतरी काटे फिरवत बसायचं. बंदरावर बोटी पहाटे तीन-चारला निघतात, तेव्हा जेटीचा रस्ता पूर्ण उजेडात पाहिजे, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तोच रस्ता अर्ध्या उजेडात चालेल. शिमग्यात पालखी रात्रभर वाडीवाडीत फिरते, कुठल्या वाडीत किती वाजता पोचेल हे कोणी सांगू शकत नाही, तिथे तेव्हा फुल उजेड पाहिजे. आणि सुरूच्या बनामागून जो रस्ता पुळणीला (वाळूच्या किनाऱ्याला) लागून जातो तिथे नेमकं उलटं. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, रस्त्याचा पांढरा झगझगाट थेट वाळूवर पडतो. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये कासवांचं काम सुरू केलं, ते बघत आम्ही मोठे झालो, आणि आमच्याच पंचायतीच्या दिव्यांनी कासव मागे फिरावं हे मनाला पटत नाही.

तर प्रश्न असे. पेटीवर कंट्रोल ठेवला तर पुरेल की प्रत्येक दिव्याला वेगळा कंट्रोलर लावावा? दीडशे दिव्यांना वेगळे कंट्रोलर म्हणजे खर्च बराच वाढतो. रेंजचं काय करायचं, सिम की लोरा (सिमशिवाय चालणारा लांब पल्ल्याचा रेडिओ)? वीज पडून आणि खाऱ्या हवेने पेट्या मरतात त्यावर कोणी काय केलंय? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा पोल आडवे, टॉवर बंद, लाईट कितीतरी दिवस नव्हती, तसं झालं तर सप्लाय आल्यावर यंत्रणा आपोआप उभी राहिली पाहिजे, कंपनीचा इंजिनियर पुण्याहून यायची वाट बघणं परवडणार नाही. आणि करारात काय लिहून घ्यायचं?

तार महावितरणच्याच पोलवरची पाचवी तार आहे, स्ट्रीट लाईटची, ती डीपीपासून चालूबंद होते. परवानगीचं बघतोय, ते इथे विचारत नाही.

प्रतिसाद, कातळवाट:

भाऊ, मी रत्नागिरीकडे पॅनलची कामं करतो, माझं मत सांगतो. वाड्यांसाठी पेटीवरचाच कंट्रोल ठेवा, दिव्यागणिक कंट्रोलर फक्त जेटी आणि पुळणीच्या रस्त्यावर, कारण मंद करायची गरज तिथेच आहे. पेटीवरून मंद होत नाही, फक्त चालूबंद होतं. आणि दिवा विकत घेताना सात पिनचं नेमा सॉकेट (ज्यात कंट्रोलर बसतो ते) आणि डिमिंगचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट) असलेलाच घ्या, नंतर बसवायला गेलात तर दिवाच बदलावा लागेल.

पेटीवरून दिवा उडाल्याचं कळतं का, तर कळतं, पण लोक अँपिअर बघत बसतात तिथे फसतात. एलईडीचा ड्रायव्हर वॅट धरून ठेवतो, व्होल्टेज पडलं की करंट वाढतो, गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतंच, म्हणून करंटवरून काही समजत नाही. वॅट बघा. समजा २० दिवे २४ वॅटचे, लोड ४८०, एक उडाला की ४५६, फरक ५ टक्के, स्पष्ट दिसतो. तेच ६० दिवे एका पेटीवर घेतले तर फरक दीड-पावणेदोन टक्के, मीटरच्या चुकीत हरवतो. म्हणून पेट्या छोट्या ठेवा. आणि दोन-चार अँपिअरच्या लोडला शंभर अँपिअरची सीटी (करंट मोजायची कॉइल) लावून देतात, ती इतक्या कमी करंटला धड मोजत नाही, थेट जोडणीचा मीटर मागा. रात्री लोड ठरल्यापेक्षा जास्त दिसला तर समजायचं कोणीतरी आकडा टाकलाय. बंदचा हुकूम दिल्यावरही वॅट दिसत असतील तर कॉन्टॅक्टर चिकटलाय. ह्या दोन सूचना मोबाईलवर यायलाच पाहिजेत, बाकी रंगीत आलेख नसले तरी चालेल.

विजेचं म्हणाल तर सर्ज प्रोटेक्शन (अचानक उसळलेलं व्होल्टेज जमिनीत सोडणारा तुकडा) सगळे लावतात पण अर्थिंग कोणी बघत नाही, अर्थिंग नसेल तर ते नुसतं शोभेला. आपल्याकडे जांभा, मे महिन्यात खड्डा कोरडाठाक, रेझिस्टन्स कुठल्या कुठे जातो, आणि गडगडाट नेमका मेअखेर आणि परतीच्या पावसात. बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरून खोल इलेक्ट्रोड घाला, जमलं तर दोन घालून एकमेकांना जोडा, आणि मोजणी उन्हाळ्यात करून घ्या, पावसाळ्यात मोजलं तर सगळंच छान दिसतं. सर्जच्या तुकड्याला खिडकी असते, हिरवी असेल तर जिवंत, लाल झाली तर बदला, ते बघायची जबाबदारी नावानिशी ठरवा. पेटी पत्र्याची नको, पावडर कोटिंगला एक ओरखडा पडला की गंज आत शिरतो, एफआरपी (फायबरचं प्लास्टिक) किंवा पॉलिकार्बोनेटची आयपी ६६ (धूळ-पाणी आत न घेणारी) घ्या, केबल खालूनच आत, ग्लँड (केबलच्या भोकाचं बूच) घट्ट, न वापरलेलं एकही भोक उघडं नको. पाली आणि मुंग्या आत गेल्या की टर्मिनलवर शॉर्ट होतो, मी हे फार वेळा बघितलंय.

प्रतिसाद, खाडीपलीकडे:

नेटवर्कबद्दल लिहिते, माझं काम त्यातलंच आहे.

एक अट सगळ्यांच्या वर ठेवा: वेळापत्रक पेटीच्या आत राहिलं पाहिजे. गावाचे अक्षांश-रेखांश एकदा घातले की कंट्रोलर सूर्यास्त-सूर्योदय स्वतः काढतो, सर्व्हरचं काम फक्त बदल कळवणं आणि माहिती गोळा करणं. मग रेंज महिनाभर नसली तरी दिवे वेळेवर लागतील. आतल्या घड्याळाला बॅटरी असते ती संपली आणि सप्लाय गेला की वेळ पुसली जाते, तुमच्या जुन्या पेटीचं बहुतेक हेच झालं असणार. जीपीएसवरून वेळ घेणारा कंट्रोलर मिळतो, थोडा महाग पडतो पण रेंज नसलेल्या गावात तोच घ्यावा.

सिम घेणार असाल तर मशीनसाठीचं वेगळं सिम घ्या, १३ आकडी नंबरचं, साधं सिम कोणाच्यातरी नावावर टाकून देतात आणि तो माणूस गाव सोडून गेला की सगळं अडतं. मोडेम फोरजीचा असू दे, नुसता टूजीचा आता घेऊच नका. आणि कोटेशनच्या आधी दोन-तीन कंपन्यांची सिमं घेऊन प्रत्येक पेटीच्या जागी उभं राहून बघा, पावसाळ्यात बघा, उन्हाळ्यातली रेंज धरून चालू नका.

लोराचं म्हणाल तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो. कातळावर पाण्याची टाकी असेल तर तिच्यावर गेटवे (सगळ्या कंट्रोलरचे निरोप घेऊन सर्व्हरला देणारं यंत्र) बसवा, तिथून खालच्या वाड्या आणि बंदर नजरेच्या टप्प्यात आलं तर उत्तम. मधे डोंगराची सोंड आली तर मात्र नाही पोचत, आणि दाट ओल्या माडांतूनही सिग्नल बराच खातो, म्हणून आधी चाचणी. जेटी आणि पुळणीच्या दिव्यांना हेच बरं पडेल, दर दिव्याला सिम परवडत नाही. कंट्रोलर क्लास सी चा मागा, तो सतत ऐकत असतो, नाहीतर पालखीच्या वेळी तुम्ही बटण दाबाल आणि हुकूम पोचेपर्यंत पालखी पुढच्या वाडीत. गेटवेला बॅटरी बॅकअप द्या.

आणखी एक. सप्लाय गेला की मोडेम मरतो, अॅपवर नुसतं ऑफलाईन दिसतं, लाईट गेली की रेंज गेली ते कळत नाही. आत छोटी बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर असेल तर जाता जाता एक निरोप पाठवतो, "सप्लाय गेला". वादळात त्या एका निरोपावरून कुठली डीपी आधी बघायची ते ठरतं.

शिमग्यासाठी माझं मत, पेटीला बाहेरून चावीचा स्विच द्या. किल्ली वाडीतल्या मानकऱ्याकडे. फिरवला की फुल उजेड, सकाळी आपोआप परत वेळापत्रकावर. प्रत्येक गोष्ट मोबाईलवरूनच झाली पाहिजे असं काही नाही. आणि स्विच बाहेर असल्यामुळे कोणाला आत हातही घालावा लागणार नाही.

प्रतिसाद, पुळण:

कासवांच्या कामात स्वयंसेवक आहे म्हणून लिहितो. नुसतं मंद करून भागणार नाही हो. पांढरा दिवा मंद केला तरी पांढराच, त्यातला निळा भाग पिल्लांना ओढतो. पिल्लू उजळ क्षितिजाकडे धावतं, काळोख्या रात्री समुद्राकडची बाजू जास्त उजळ असते म्हणून त्याला पाणी सापडतं. रस्ता त्याहून उजळ झाला की ते सुरूच्या बनात शिरतं, तिथे मुंग्या, कुत्री, कावळे. हॅचरीतली पिल्लं आम्ही हाताने सोडतो पण जे घरटं आम्हाला सापडलंच नाही त्यातल्यांचं काय? आणि मादी तर उजेड बघून वर न येताच परत जाते.

त्या रस्त्यापुरते अंबर रंगाचे दिवे घ्या, ५६० नॅनोमीटरच्या खालचा उजेड नसलेले, पोल बुटका, समुद्राच्या बाजूला पत्र्याचा आडोसा, दिव्याचं तोंड सरळ खाली. अंडी घातल्यापासून ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात, म्हणजे मार्चअखेरच्या घरट्याची पिल्लं मे मध्ये. तुमचं वेळापत्रक नोव्हेंबर ते मे असं धरा, मार्चला संपवू नका. रात्री दहानंतर त्या रस्त्याला कोण नसतं, तिथे पूर्ण बंद केलेत तर आणखी चांगलं. वन विभागाला पत्र देऊन ठेवा, पुढच्या सरपंचांनी बदलायला नको.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः वॅट आणि मे महिन्याचं, ही दोन्ही माझ्या डोक्यात नव्हती. पुळणीच्या रस्त्याला दहानंतर बंद करायला मात्र मी लगेच हो म्हणत नाही, त्या रस्त्याने बंदरावरच्या मासळीच्या कामावरून बायका पहाटे-रात्री चालत घरी येतात, त्यांना काळोखात चालायला लावून कासवं वाचवायची हे मला मान्य नाही. अंबर, बुटका पोल, आडोसा हे सगळं करू, दहानंतर एकाआड एक दिवा मंद ठेवू, आणि त्या बायकांना विचारूनच वेळ ठरवू.

आता अटी लिहितोय त्या अशा: वेळापत्रक पेटीतच, जीपीएसची वेळ, फोरजी मोडेम, सिम पंचायतीच्या नावावर, मीटर मॉडबसवर (कोणालाही वापरता येणारी यंत्रांची भाषा) बोलणारा आणि त्याचा पूर्ण तक्ता आमच्याकडे, सर्व्हरशी बोलणं एमक्यूटीटीवर (निरोप पाठवायची खुली पद्धत), सगळे पासवर्ड सीलबंद पाकिटात पंचायतीच्या कपाटात, आणि कंपनी गेली तर आम्ही पेटी दुसऱ्या सर्व्हरला जोडू शकलो पाहिजे, हे बिलाच्या आधी करून दाखवायचं. शेवटचे दहा टक्के पैसे एक पावसाळा गेल्यावर. टॅल्क नावाचं एक मानक आहे, त्याचा गट २०१२ मध्ये स्थापन झाला, वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे आणि सॉफ्टवेअर एकमेकांशी जुळावेत म्हणून, पण दीडशे दिव्यांच्या कामात ती अट घातली तर कोटेशन कोणी भरेल का याची शंका वाटते, त्यामुळे सध्या बाहेर ठेवलीय.

राहिलेला प्रश्न एकच: कोकणात कुठल्या ग्रामपंचायतीने किंवा नगरपंचायतीने सर्व्हर स्वतःच्या नावावर ठेवलाय का, आणि वर्षाला तो सांभाळतो कोण? अटींचा मराठीतला नमुना कोणाकडे असेल तर कृपया इथेच टाका, पुढच्या मासिक सभेत तो ठेवायचाय.