'फ्लुओक्सेटिन आता कोण घेतं?' म्हणे!

भायखळा_स्लो: नैराश्याच्या गोळ्यांवरचा कालचा धागा वाचून डोकं फिरलं. 'एसिटालोप्राम घ्या, बेस्ट आहे; फ्लुओक्सेटिन आता कोण घेतं?' मी घेते. सहा वर्षं. एसिटालोप्रामवर दोन महिने काढले. मळमळीने डबा रोज तसाच घरी परत. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नैराश्यावरच्या २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या. सगळीच प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, सरस निघाली. पुढे कुणाला काय मानवतं, तेच खरं.

आकडेमोड: तो धागा माझाच. लॅन्सेट काढलंतच तर पुरतं वाचा. औषध विरुद्ध औषध चाचण्यांत एसिटालोप्राम वरच्या गटात, तुमचं फ्लुओक्सेटिन खालच्या.

भायखळा_स्लो: वाचलंय. त्या चाचण्या बहुतेक आठ आठवड्यांच्या. माझा संसार सहा वर्षांचा.

गुहागरचा_नातू: गोळी चुकली तर काय, ते बोला ना. पॅरॉक्सेटिनची, म्हणजे याच जातकुळीच्या गोळीची, स्ट्रिप परळच्या घरी टीव्हीवर विसरून गणपतीला गावी गेलो. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट. आरतीला टाळ धरवेना. काकू म्हणाली दृष्ट लागली, मीठमोहऱ्या ओवाळल्या! फ्लुओक्सेटिन अंगातून हळूहळू उतरतं, एखादा दिवस चुकला तर कळतही नाही.

काउंटरवाला: नावांवरून कसले भांडताय? खरी भानगड क्लोनाझेपामची, त्या गुंगी आणणाऱ्या औषधाची. बारा वर्षं केमिस्टच्या दुकानात उभा आहे. एसिटालोप्राम १० नि क्लोनाझेपाम ०.५, एकाच गोळीत. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सांगतं, 'टेन्शनची गोळी सूट झाली.' अरे, ती गुंगी क्लोनाझेपामची! एसिटालोप्रामला गुण यायला दोन-चार आठवडे लागतात.

आईची_लेक: अगदी हेच! माझ्या आईने ती चार वर्षं खाल्ली. आत झोपेचं औषध आहे, सवय लागते, कुणी सांगितलं नाही. स्ट्रिपमागची अक्षरं मी भिंगाने वाचली तेव्हा कळलं. डॉक्टरांनी थोडी थोडी कमी करत सात महिने घेतले. त्या सात महिन्यांत ती रात्री दोनला उठून कपाटं आवरायची.

आकडेमोड: सरसकट शिव्या नकोत. सुरुवातीच्या घालमेलीत मला तीच गोळी पुरली. नाहीतर पाचव्या दिवशी सगळंच सोडलं असतं.

काउंटरवाला: पहिल्या आठवड्याबद्दल कोण बोलतंय? चौथ्या वर्षी तीच पिवळी पडलेली चिठ्ठी घेऊन येतात, त्याचं काय?

आईची_लेक: मग द्यायची नाही ना! तुमच्यासारख्यांनीच दिली आईला.

काउंटरवाला: ओ ताई, तोंड सांभाळून. मी परत पाठवतो. चार दुकानं सोडून मिळते, ते पण माझंच पाप?

आईची_लेक: बरं. तुम्ही एकटे हरिश्चंद्र.

भायखळा_स्लो: हा आजचा धागा माझा होता, आठवण करून देते.

आकडेमोड: घ्या, 'कोण घेतं' हे शब्द मागे. तुम्ही घेता. नोंद केली.

गुहागरचा_नातू: पॅरॉक्सेटिन मीही अजून घेतो. कुणी विचारलं नाही, तरी सांगतो.