ठाण्याची पदभ्रमंती: आरंभ खाडीच्या बाजूने व्हावा

जुन्या ठाण्याच्या मार्गदर्शित पदभ्रमंतीचा आरंभ तलावपाळीवरून, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावरून, करावा, ही आपली सूचना सोयीची असली तरी मला ती पूर्णपणे पटत नाही. ठाणे घडले ते खाडीमुळे. म्हणून प्रथम खाडीलगतच्या मध्यवर्ती कारागृहाच्या तटापाशी थांबून, आज ज्याला आपण तुरुंग म्हणतो तो मुळात पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला आहे आणि त्याचे काम अपुरे असतानाच १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला, हे सांगितले पाहिजे. १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला. त्यांच्याच कैदेतून दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये येथून निसटले. बाहेर घोड्यांची निगा राखणारा माणूस गाण्यांतून त्यांना सुटकेचा बेत कळवत असे, अशी आख्यायिका आहे. (आत प्रवेश मिळत नाही, तेव्हा ही कथा रस्त्यावरच रंगवावी लागेल!) त्यानंतर मासुंदा तलाव आणि कोपिनेश्वर मंदिर ओघानेच येतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी जिथे पोहोचली, ते स्थानक शेवटी ठेवावे, म्हणजे परतीची लोकलही तिथूनच पकडता येईल.