घरी पडून असलेल्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी घालावे का?

डिचोलीकर:
सर्वांना नमस्कार. आमचे घर डिचोली तालुक्यात आहे. मध्ये राजांगण, भोवती खोल्या आणि चिऱ्यांच्या जाड भिंती अशी जुनी बांधणी असल्यामुळे फायबरवाल्यांनी ओसरीवर बसवलेल्या डब्याचे वायफाय मागच्या खोल्यांपर्यंत पोहोचत नाही. घरात टीपी-लिंकचे दोन राउटर वापराविना पडून आहेत. एक टीएल-डब्ल्यूआर८४१एन असून त्याच्या तळाच्या लेबलावर आवृत्ती १४ असे छापले आहे. दुसरा आर्चर ए६, आवृत्ती ३ आहे. दोन्हींवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी घालता येणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर) घालून ते आणखी काही वर्षे सुरक्षितपणे वापरता येतील का? ८४१एन या मॉडेलवर ते चालते असे पुष्कळ ठिकाणी वाचले, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करावी असे मनात आहे. असे फर्मवेअर, म्हणजे उपकरण चालवणारे आतले सॉफ्टवेअर, घालणे आपल्याकडील नियमांत बसते का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

अंत्रुजवासी:
नमस्कार. मॉडेलचे नाव बाजूला ठेवून लेबलावरची आवृत्ती पाहिलीत हे फार बरे केलेत, कारण या विषयातले बहुतेक गोंधळ तिथेच होतात. टीएल-डब्ल्यूआर८४१एन हे एकच नाव वर्षानुवर्षे चालत आले, पण आतली चिप आणि मेमरी बदलत गेली. आवृत्ती १३ मध्ये ८ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवण्याची जागा) आणि ६४ एमबी रॅम (चालू कामाची मेमरी) आहे, तर तिच्यानंतर आलेल्या आवृत्ती १४ मध्ये फक्त ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. नंतरची आवृत्ती अधिक सक्षम असेलच असे या बाजारात गृहीत धरता येत नाही.

ओपनडब्ल्यूआरटीने २१.०२ या मालिकेपासून किमान गरज ८ एमबी फ्लॅश व ६४ एमबी रॅम अशी ठरवली. त्याआधीची १९.०७ ही मालिका २०२२ मध्ये बंद झाली आणि तिला आता सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. म्हणजे तुमच्या ८४१एनवर जुने फर्मवेअर खटपट करून बसवता आले, तरी ज्या सुरक्षिततेसाठी तुम्ही हे करू पाहता ती मिळणार नाही. माझ्या मते त्या राउटरवर वेळ घालवू नये.

आर्चर ए६ आवृत्ती ३ ची गोष्ट अगदी वेगळी आहे. त्यात मीडियाटेकची एमटी७६२१ चिप, १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम आहे. मीडियाटेकच्या वायफायसाठी एमटी७६ हा ड्रायव्हर (चिप चालवणारा सॉफ्टवेअरचा भाग) ओपनडब्ल्यूआरटी ज्यावर चालते त्या लिनक्सच्या मूळ गाभ्यातच (कर्नलमध्ये) असल्यामुळे त्याची देखभाल एखाद्या कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. ब्रॉडकॉमच्या चिप असलेल्या अनेक राउटरना ओपनडब्ल्यूआरटीवर वायफाय नीट मिळत नाही, आणि त्याचे कारण नेमके हेच आहे: मुक्तस्रोत ड्रायव्हर अपुरे आणि कंपनीचे ड्रायव्हर बंदिस्त. फ्रेशटोमॅटो किंवा डीडी-डब्ल्यूआरटी ही दुसरी पर्यायी फर्मवेअर त्या चिपवर चालतात, पण कंपनीचे बंदिस्त ड्रायव्हर सोबत घेऊनच. नवा राउटर घेताना म्हणूनच मी खोक्यावरच्या वेगाच्या आकड्यांआधी चिप कोणाची ते पाहतो.

हा सपोर्ट आला कुठून, हेही ध्यानात असावे. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स वापरलेले आहे हे २००३ मध्ये उघड झाले, लिनक्सच्या जीपीएल या मुक्त परवान्यानुसार त्याचा स्रोत (मूळ कोड) कंपनीला खुला करावा लागला, आणि त्याच पायावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. नावातली ‘डब्ल्यूआरटी’ ही अक्षरे त्या राउटरचीच आहेत. परवान्याची ती अट पाळली गेली नसती, तर आज आपण ही चर्चा करत नसतो.

सत्तरीकर:
वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र सुरक्षितता हे एकच कारण असेल, तर आधी कंपनीच्या फर्मवेअरला अजून दुरुस्त्या मिळतात का ते पाहावे. मिळत असतील, तर घाई नाही. अडचण अशी की स्वस्त राउटरना त्या फार काळ मिळत नाहीत. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षा-पद्धतीतला ‘क्रॅक’ हा दोष जाहीर झाला, तेव्हा ओपनडब्ल्यूआरटीची त्या वेळची एलईडीई ही शाखा दोनच दिवसांत दुरुस्त आवृत्ती घेऊन आली. तो दोष मुख्यतः वायफाय पकडणाऱ्या बाजूचा होता. त्यामुळे दुसऱ्याचे वायफाय पकडून पुढे देणारा राउटरही त्याच्या कक्षेत येत होता, आणि तुम्ही मागच्या खोल्यांसाठी कदाचित तशीच रचना मनात धरली असेल.

ती रचना शक्यतो करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. चिऱ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ च्या मानाने फारच क्षीण होऊन बाहेर पडतात. फायबरच्या डब्यापासून मागच्या खोलीपर्यंत छपराखालून एक नेटवर्क केबल ओढून घ्या आणि आर्चर त्या टोकाला नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेले जाळे वायफायवर देणारा डबा, म्हणून वापरा.

नियमांबद्दल: फर्मवेअर बदलण्यापेक्षा तुमचा राउटर कोणत्या लहरींवर किती शक्तीने प्रक्षेपण करतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. भारतात ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाले, पण शक्तीच्या मर्यादा कायम आहेत. ओपनडब्ल्यूआरटीच्या वायरलेस सेटिंगमध्ये देश म्हणून भारत निवडा आणि अधिक शक्ती मिळावी म्हणून दुसऱ्या देशाचे नाव टाकू नका. वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्या अटीही आधी वाचाव्यात.

डिचोलीकर:
दोघांचेही मनापासून आभार. ८४१एनचा विचार सोडून दिला आहे. केबल ओढणे शक्य आहे, कारण छपराखाली विजेच्या वायरींची वाट आहेच. आता एकच शंका उरते. फायबरच्या डब्यावरच ओपनडब्ल्यूआरटी घालता आले, तर सगळे एकाच ठिकाणी सांभाळता येणार नाही का?

अंत्रुजवासी:
त्या डब्याला हात लावू नका. त्यातला फायबरचा भाग कंपनीच्या बंदिस्त सॉफ्टवेअरवर आणि सेवा देणाऱ्याकडच्या नोंदणीवर चालतो, शिवाय तो डबा बहुधा त्यांच्याच मालकीचा असतो. त्याला त्याचे काम करू द्यावे.

आर्चरसाठी ओपनडब्ल्यूआरटीच्या उपकरण-सूचीत नेमके ए६ आवृत्ती ३ चे पान उघडा, तिथूनच ‘फॅक्टरी’ फाइल घ्या आणि तिचा एसएचए२५६ (फाइल बदललेली किंवा अर्धवट नाही हे तपासण्याचा संकेत) जुळवून पाहा. ‘सिसअपग्रेड’ नावाची फाइल पुढच्या अद्ययावतीसाठी असते, पहिल्या वेळी नव्हे. काम वायफायवरून न करता केबलने करा, आणि पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. फाइल चढल्यावर वायफाय आपोआप सुरू होत नाही, तेव्हा राउटर बिघडला असे समजू नका. केबलने आत जाऊन आधी पासवर्ड ठेवा, मग वायफाय चालू करा.

विजेच्या वायरींची वाट आहे म्हणालात, पण नेटवर्क केबल त्यांच्याच नळीतून नेऊ नका, तिला वेगळी नळी द्या. ओपनडब्ल्यूआरटीचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि अनेक फायबर डब्यांचाही तोच असतो, म्हणून केबल डब्याला जोडण्याआधी आर्चरला त्याच जाळ्यातला दुसरा रिकामा पत्ता द्या, त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅनच्या (इंटरनेटकडच्या) पोर्टऐवजी लॅनच्या (घरातल्या जाळ्याच्या) पोर्टमध्ये खोचा.