मदत हवी आहे: लोह-६० मोजताना निकेल-६० मुळे डिटेक्टर भरून जातोय

फेरोमँगनीज कवचाच्या (समुद्रतळावर साचलेला लोह-मँगनीजचा थर) २० ते ३० लाख वर्षांपूर्वीच्या थरात सुपरनोव्हातलं (ताऱ्याच्या स्फोटातलं) लोह-६० हे किरणोत्सारी लोह शोधायचं आहे. पावडर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवली, अ‍ॅनायन रेझिनच्या (ऋणभारित आयन धरून ठेवणारे मणी) एका कॉलमवर लोह वेगळं केलं, अमोनियाने साका पाडला, भाजून ऑक्साइड केलं. तरी एएमएसवर (त्वरक वापरून एकेक अणू मोजणारं यंत्र) निकेल-६० चा पूर येतो. दुसरा कॉलम लावू का? पावडर मोजकीच आहे, कॅरिअर म्हणून, म्हणजे नमुन्याची मात्रा वाढवायला, साधं लोह घालू का?

प्रतिसाद १

दुसरा कॉलम लावाच, पण पहिला नीट चालतोय का तेही बघा. लोह पूर्ण फेरिक (Fe³⁺) हवं. फेरस (Fe²⁺) रेझिनवर टिकत नाही, निकेलबरोबर वाहून जातं. थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घाला आणि कॉलमवर ओतण्याआधी उकळून पार घालवा. द्रावण ८-९ मोलर आम्लात ओता. वरच्या टोकाला पिवळा पट्टा बसतो, निकेल मात्र थांबत नाही. घोळ होतो तो धुण्यात. त्याच आम्लाने भरपूर धुवा, रेझिनच्या वरची काचही, कारण तिथले थेंब शेवटी लोहातच उतरतात. मग ४ मोलरने कोबाल्ट काढा आणि ०.१ मोलरने लोह.

अमोनिया सढळ हाताने घाला म्हणजे निकेल विद्राव्य राहतं. साक्यात अडकलेलं निकेल काढायला तो विरघळवून पुन्हा पाडा. स्टेनलेसचा चमचा अजिबात नको. भाजायला क्वार्ट्जची मूस घ्या.

कॅरिअर नको. कवचात लोह मुळातच भरपूर असतं. १ मिलिग्रॅम लोहात सुमारे १.१×१०^१९ अणू, लोह-६० चं एकूण लोहाशी गुणोत्तर १०^-१५ धरलं तर लोह-६० चे जेमतेम ११,०००. दहा हजारांत एक पकडला गेला तर हाती एक नोंद! त्यात पाणी कशाला घालायचं?

प्रतिसाद २

नुसत्या रसायनाने भागणार नाही. नैसर्गिक निकेलचा २६ टक्के भाग निकेल-६० च आहे आणि वस्तुमानावरून दोघं वेगळे होत नाहीत. वायू भरलेल्या चुंबकात निकेलचा सरासरी विद्युतभार जास्त राहतो, म्हणून ते जास्त वळतं आणि डिटेक्टरआधीच्या फटीवर अडवता येतं. त्यासाठी १०० एमईव्हीच्या वरची ऊर्जा लागते. म्युनिक आणि कॅनबेराची मोजमापं मोठ्या टँडेम त्वरकांवर झाली ती यासाठीच. ३ एमव्हीच्या (३० लाख व्होल्ट) छोट्या यंत्रावर हट्ट करू नका.

प्रत्येक फेरीत ब्लँक (लोह-६० नसलेला तुलनेचा नमुना) हवाच. ब्लँकमध्ये शून्य नोंद आली तरी ९५ टक्के विश्वासाची वरची मर्यादा ३ धरा.

आणि कॉलम धुतलेलं आम्ल फेकू नका, मँगनीज त्यातच आहे. वैश्विक किरणांमुळे उल्काधुळीतल्या निकेलपासूनही लोह-६० बनतं. तो वाटा किती, हे त्याच किरणांमुळे धुळीत बनणारं मँगनीज-५३ मोजल्याशिवाय ठरवता येत नाही.