मनमोहन सिंगांचं नोटबंदीवरचं भाषण: २ टक्क्यांचा अंदाज बरोबर होता की नाही?

हिशेबनीस
२४ नोव्हेंबर २०१६ चं राज्यसभेतलं भाषण काल परत ऐकलं. नोटबंदी होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले, ५०० आणि १०००च्या नोटा म्हणजे किमतीच्या हिशोबाने चलनातला ८६ टक्के पैसा एका रात्रीत बाद. माणूस म्हणाला उद्देशाला माझा विरोध नाही, पण अंमलबजावणी हे प्रचंड मोठं अपयश आहे, सामान्यांची संघटित लूट आहे आणि जीडीपी २ टक्क्यांनी खाली येऊ शकतो. एप्रिल-जून २०१७ ला ग्रोथ ५.७ टक्के जाहीर झाली, आदल्या वर्षी त्याच तिमाहीत ७.९ होती. करा वजाबाकी.

गल्ली_ते_दिल्ली
केली. पण १ जुलैला जीएसटी लागणार म्हणून त्या तिमाहीत कंपन्या, डीलर सगळे जुना स्टॉक काढत बसले होते, नवीन माल बनवायला कोण धजावणार? त्याचंही खापर नोटबंदीवरच का? आणि २०१६-१७ चा पूर्ण वर्षाचा सुधारित आकडा ८.३ आहे, तो सोयीस्कर विसरलात.

हिशेबनीस
विसरलो नाही हो. असंघटित क्षेत्राचा अंदाज बऱ्याच ठिकाणी संघटित क्षेत्राच्या आकड्यांवरूनच बांधतात. रोखीवर चालणारा छोटा कारखाना बंद पडला आणि त्याचं गिऱ्हाईक मोठ्या कंपनीकडे गेलं तर कागदावर वाढच दिसणार.

बांधावरून
तुमचं जीडीपी चालू द्या. त्या भाषणात सहकारी बँकांचाही मुद्दा होता, त्याचं कोणी नावच काढत नाही. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी झाली आणि आमच्याकडे दुधाचं बिल, सोसायटीचं पीककर्ज सगळं तिथंच. ऐन रब्बीची पेरणी, कागदावर आठवड्याला २४ हजार काढायची मुभा, आणि शाखेत गेलं की कॅशियर म्हणायचा दोन हजार घ्या नाहीतर उद्या या, उद्या गेलं की शटर अर्धं खाली. खात्यात पैसे असून बियाणं उधारीवर आणलं.

गल्ली_ते_दिल्ली
त्रास झाला, मान्य. पण दादा, जिल्हा बँका कुणाच्या ताब्यात असतात हे महाराष्ट्रात सांगायला पाहिजे का? काळा पैसा पांढरा करायला तोच दरवाजा सगळ्यात सोपा होता.

बांधावरून
मग संचालकांना धरा ना, खातेदाराने काय घोडं मारलं होतं?

साधा_सरळ
आणि पांढरा व्हायचा तो झालाच की! १५.४१ लाख कोटींच्या नोटा बाद केल्या, १५.३१ लाख कोटी परत आल्या, हे रिझर्व्ह बँकच सांगते. वर काळा पैसा साठवायला सोयीची म्हणून की काय २०००ची नोट काढली, ती पण २०२३ ला मागे घेतली. नवीन नोटांचा साइज वेगळा म्हणून देशभरातली एटीएम उघडून ट्रे बदलत बसले ते वेगळंच, एवढं गुपित ठेवलं आणि तयारी शून्य.

गल्ली_ते_दिल्ली
बँकेत आला म्हणजे पांढरा झाला असं नसतं, नाव-पत्ता लागला त्याला, पुढे नोटिसा गेल्या. आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ ला ४ विरुद्ध १ ने निर्णय वैध ठरवला.

हिशेबनीस
वैध ठरवला, यशस्वी नाही. उद्देश साध्य झाला की नाही हा प्रश्न इथं गैरलागू आहे असं बहुमताच्या निकालातच आहे. मनमोहन सिंगांचं भाषण तर अंमलबजावणीवर होतं, त्यावर तुम्ही इतक्या वेळात "त्रास झाला, मान्य" एवढंच बोललाय.